शस्त्रक्रियेनंतरची रक्ताची गुठळी : जुनी समजूत आणि गावाची जबाबदारी

शस्त्रक्रियेच्या सोयींच्या बाबतीत वर्धा जिल्हा विदर्भातील अनेक ग्रामीण जिल्ह्यांपेक्षा भाग्यवान म्हटला पाहिजे. सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाचे काम स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाले होते. १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवावेत, हा त्या संस्थेचा हेतू होता. १९९० साली सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय त्याला जोडलेले आहे. वर्धा येथील जिल्हा सामान्य रुग्णालय आणि हिंगणघाट व आर्वी येथील रुग्णालये यांची भर त्यात घातली, तर आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील शेतकऱ्याला खुब्याच्या मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया जिल्ह्याबाहेर न जाता करून घेता येते, असे म्हणता येईल.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ असून तीपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक खेड्यात राहतात. म्हणजे शस्त्रक्रिया शहरात होते, पण रुग्ण बरा होतो तो गावात, आपल्या घरी. टाके काढल्यावर गाडी गावात येते, शेजारीपाजारी भेटून जातात आणि घरची मंडळी रुग्णाला जास्तीत जास्त विश्रांती देऊ लागतात. नेमक्या याच काळात एक संकट त्याच्या शरीरात नकळत वाढत असू शकते. ते संकट म्हणजे पायाच्या खोल शिरेत होणारी रक्ताची गुठळी. जखम भरत आलेली असताना रुग्णाला एकाएकी धाप लागते व काही मिनिटांत सारे संपते. ‘हृदय बंद पडले’ असे गावात सांगितले जाते. अशा मृत्यूंपैकी काहींचे खरे कारण ही गुठळी असते, आणि त्यांपैकी बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे असतात.

गुठळी का होते ?

जखम झाली की रक्त गोठते, ही निसर्गाने दिलेली संरक्षणाची सोय आहे. ती नसती तर साध्या ओरखड्यानेही प्राण गेला असता. परंतु हेच गोठणे रक्तवाहिनीच्या आत घडले की ते घातक ठरते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिरचो यांनी १८५६ च्या सुमारास केलेल्या संशोधनाच्या आधारे त्याची तीन कारणे आजही सांगितली जातात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे.

मोठ्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही कारणे एकत्र येतात. रुग्ण भुलीखाली व नंतर खाटेवर निश्चल पडून राहतो. हाडाच्या किंवा ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत जवळच्या शिरांना धक्का पोहोचतो. जखम भरून काढण्यासाठी शरीरही रक्तातील गोठणारी द्रव्ये वाढवते. पायांतील रक्त हृदयाकडे वर चढवण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. प्रत्येक पावलागणिक ते शिरांना दाबतात आणि रक्त वर ढकलले जाते. माणूस चालायचा थांबला की हा पंपच बंद पडतो आणि रक्त शिरेत साचून राहते.

नुसत्या निश्चल बसण्यानेही काय होऊ शकते, याची साक्ष इतिहासात आहे. १९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव होत असता लोक रात्रभर तळघरांतील निवाऱ्यांमध्ये खुर्च्यांवर बसून काढीत. त्यांच्यात फुफ्फुसातील गुठळीने होणाऱ्या मृत्यूंची संख्या वाढल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. ऑक्टोबर २००४ मध्ये जपानच्या निगाता प्रांतात भूकंप झाला, तेव्हा घरात जाण्याच्या भीतीने अनेकांनी मोटारीत बसून रात्री घालवल्या. त्यांच्यापैकी काहींना हाच विकार होऊन मृत्यू आला.

पायात तयार झालेली गुठळी बहुतेक वेळा लहान असते व आपोआप विरघळते. पण मांडीपर्यंत वाढलेल्या गुठळीचा तुकडा सुटला, तर तो रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूत व तेथून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. तुकडा मोठा असला तर फुफ्फुसाकडे जाणारा रक्ताचा मार्गच बंद होतो.

‘आशियाई लोकांना हा विकार होत नाही’

हा पाश्चात्त्यांचा विकार आहे, आपल्याकडे तो होत नाही, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. १९६४ साली सिंगापूरमधील एका शल्यचिकित्सकाचे टिपण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आशियाई लोकांत फुफ्फुसातील गुठळी नसतेच काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. प्रश्न प्रामाणिक अनुभवातून आलेला होता, कारण त्या डॉक्टरांना असे रुग्ण खरोखरच क्वचित दिसत होते. परंतु पुढे हा प्रश्न उत्तरासारखा वापरला जाऊ लागला. जो विकार आपल्याकडे नाही त्याचा शोध कशाला घ्यावयाचा, अशी वृत्ती वाढली. आणि शोध घेतला नाही म्हणून तो विकार सापडलाही नाही.

कापूस पिकवणाऱ्या वर्धा जिल्ह्यातील वाचकांना हा घोटाळा चटकन समजेल. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. धुऱ्यावर उभे राहून पाहिले तर शेत हिरवेगार दिसते. बोंड फोडून पाहिल्याखेरीज अळी दृष्टीस पडत नाही. पायातील गुठळीचेही असेच आहे. अनेक रुग्णांत ती कोणतेही लक्षण दाखवीत नाही. म्हणून ‘प्रमाण किती’ या प्रश्नाचे उत्तर पाहणी कशी केली यावर अवलंबून राहते.

मोजणी सुरू झाल्यावर

१९६० नंतरच्या दशकात किरणोत्सारी आयोडीनच्या साहाय्याने पायातील मूक गुठळी शोधण्याची पद्धत प्रचारात आली. लंडनमध्ये काम करणारे मूळचे भारतीय शल्यचिकित्सक डॉ. विजय कक्कर यांनी १९६९ साली या पद्धतीने शस्त्रक्रियेच्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा शंभरात सुमारे तीस जणांच्या पायांत गुठळी आढळली. मग हीच पद्धत आशियात वापरली गेली. मलेशियात १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण शंभरात १२ निघाले. दक्षिण भारतातील १९८० सालच्या पाहणीत ते शंभरात २८ होते, म्हणजे लंडनच्या आकड्याच्या जवळपासच. जो विकार नाही असे म्हटले जात होते, तो शोधताच सापडला.

खुबा व गुडघा यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांत प्रमाण याहूनही अधिक असते. अशा रुग्णांच्या शिरांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी तपासणी केली असता मलेशियात १९९६ साली शंभरात सुमारे ६२ जणांत गुठळी आढळली. मुंबईतील डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रतिबंधक औषध न मिळालेल्यांत शंभरात ६० व मिळालेल्यांत सुमारे ४३ असे प्रमाण होते. आशियातील सात देशांत मिळून केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रतिबंधक उपायांवाचून हे प्रमाण ४१ भरले.

हे आकडे पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. यांतील बहुसंख्य गुठळ्या पोटरीतील व लहान असतात आणि रुग्णाला त्यांचा पत्ताही लागत नाही. प्रत्यक्ष त्रास देणाऱ्या गुठळ्या मोजल्या तर चित्र पुष्कळ सौम्य दिसते. वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात १९९६ ते २००५ या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर दहा हजार दाखल रुग्णांमागे सतरा-अठरा जणांत या विकाराचे निदान झालेले दिसले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्थायिक झालेल्या आशियाई वंशाच्या लोकांतही हा विकार गोऱ्या लोकांच्या मानाने बराच कमी आढळतो. तेव्हा जुन्या समजुतीत सत्याचा अंश आहे हे मान्य केले पाहिजे. चूक झाली ती ‘कमी’ याचा अर्थ ‘नाही’ असा केल्यामुळे.

निदान झालेल्यांची संख्या आणि विकार असलेल्यांची संख्या यांतही अंतर असते. चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने १,००० शवविच्छेदनांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यांत १५९ मृतांच्या फुफ्फुसात गुठळी आढळली. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, इतर आजारांचे होते, हे लक्षात ठेवावयास हवे. पण न पाहिलेली गोष्ट किती मोठी असू शकते याची कल्पना त्यावरून येते. आपल्याकडे घरी झालेल्या मृत्यूनंतर शवविच्छेदन क्वचितच होते. त्यामुळे खेड्यातील अशा मृत्यूंचे कारण बहुधा कोठेही नोंदले जात नाही.

प्रमाण कमी का ? आणि कोणात जास्त ?

१९९४ साली नेदरलँडमधील लायडेन येथील शास्त्रज्ञांनी रक्त गोठवणाऱ्या एका घटकातील आनुवंशिक दोष शोधून काढला. युरोपीय वंशाच्या लोकांत हा दोष शंभरात सुमारे पाच जणांत असतो. चीन-जपानकडील लोकांत तो जवळजवळ नसतोच. भारतात तो आढळतो, पण युरोपाच्या मानाने कमी. प्रमाणातील फरकाचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. उलटपक्षी, रक्त गोठू न देणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांची आनुवंशिक कमतरता पूर्व आशियातील लोकांत अधिक दिसते. एकूण, कोणत्याही वंशाला निसर्गाने पूर्ण अभय दिलेले नाही.

विदर्भात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. या विकारात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. ज्यांच्यात हा दोष केवळ वाहकाच्या रूपात आहे, त्यांनाही फुफ्फुसातील गुठळीचा धोका इतरांपेक्षा काहीसा अधिक असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाला आरंभ झाला. तपासणी झालेल्या व्यक्तीने आपले कार्ड जपून ठेवावे व कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावे.

याखेरीज साठीपुढील वय, खुबा, गुडघा किंवा पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया, कर्करोग, स्थूलपणा, गरोदरपण व बाळंतपण, संततिनियमनाच्या काही गोळ्या, आणि पूर्वी स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला गुठळी झालेली असणे, ही धोका वाढवणारी कारणे आहेत. आयुर्मान वाढत आहे आणि वृद्धांच्या हाडांच्या शस्त्रक्रियाही वाढत आहेत. म्हणून एके काळी आपल्याकडे विरळ असलेला हा विकार पुढेही तसाच विरळ राहील, असे समजणे धोक्याचे ठरेल.

प्रतिबंधाचे उपाय

रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांपैकी हेपॅरिनचा शोध अमेरिकेत १९१६ साली लागला. दुसऱ्या एका औषधाचा उगम तर थेट गोठ्यात झाला आहे. १९२० नंतरच्या दशकात कॅनडा व उत्तर अमेरिकेत कुजट झालेले स्वीट क्लोव्हर नावाचे गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळात मेलेल्या जनावराचे न गोठणारे रक्त बादलीत घेऊन विद्यापीठात गेला. कार्ल लिंक यांनी त्या गवतातील द्रव्य शोधून काढले, आणि त्यातूनच पुढे वॉरफॅरिन हे औषध तयार झाले. आज याहून सोपी इंजेक्शने व गोळ्याही उपलब्ध आहेत.

शस्त्रक्रियेच्या वेळी हेपॅरिन अल्प प्रमाणात दिल्यास प्राण वाचतात, हे डॉ. कक्कर यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांत झालेल्या चाचणीने १९७५ साली सिद्ध केले. चार हजारांहून अधिक रुग्णांचे दोन गट पाडले होते. औषध न दिलेल्या गटात फुफ्फुसातील गुठळीने १६ जण दगावले. औषध दिलेल्या गटात केवळ २. असे असूनही या ज्ञानाचा उपयोग आपल्याकडे पुरेसा होत नाही. ३२ देशांतील रुग्णालयांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत भारतातील दाखल रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक धोक्याच्या वर्गात मोडत होते. त्यांपैकी शंभरात सुमारे सतराच जणांना शिफारस केलेला प्रतिबंधक उपाय मिळत होता.

अर्थात प्रत्येक रुग्णाला ही इंजेक्शने दिलीच पाहिजेत, असे नाही. या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो. लहान शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी चालू लागणाऱ्या तरुणाला त्यांची गरज नसते. कोणाला औषध द्यावे, किती दिवस द्यावे, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनी मात्र ‘यांना गुठळीचा धोका आहे काय, आणि त्यासाठी काय योजले आहे ?’ हा प्रश्न संकोच न करता विचारावा. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर रक्त पातळ करणारे औषध लिहिलेले असेल, तर ते सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे. जखम भरली म्हणून ते मध्येच बंद करू नये, किंवा शेजाऱ्याचे उरलेले औषध स्वतःहून सुरू करू नये.

खरा कसोटीचा काळ घरी

ब्रिटनमधील सुमारे साडेनऊ लाख स्त्रियांच्या पाहणीतून २००९ साली एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. शस्त्रक्रियेनंतर गुठळीचा धोका तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि तो बाराव्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. तिसऱ्या आठवड्यात वर्धा जिल्ह्यातील बहुतेक रुग्ण आपल्या गावी असतात. तेथे शल्यचिकित्सक नसतो. असतात ते घरचे लोक, आशा स्वयंसेविका, शिक्षक आणि पंचायत सदस्य. म्हणून हा विषय रुग्णालयाच्या भिंतींआड ठेवून भागणार नाही.

आपल्या घरोघरी आजाऱ्याला हलू न देणे हे प्रेमाचे लक्षण समजले जाते. बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवर ठेवण्याची रीत आहे, आणि काही घरांत तिला पाणीही बेताने दिले जाते. या रीतींमागील जिव्हाळा आदरणीय आहे. विश्रांती, ऊब आणि सकस आहार बाळंतिणीला हवाच असतो. परंतु बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने जोखमीचे असतात, आणि पोटावर शस्त्रक्रिया होऊन बाळंतपण झाले असेल तर अधिकच. तिला दिवसातून अनेक वेळा उठवून चालवणे व पुरेसे पाणी पाजणे, हाही त्याच जिव्हाळ्याचा भाग झाला पाहिजे.

गावपातळीवर पुढील गोष्टी सर्वांना माहीत असाव्यात :

१. डॉक्टरांनी परवानगी दिल्याबरोबर रुग्णाला आधार देऊन उभे करावे व थोडे थोडे चालवावे. उभे राहता येत नसेल तर अंथरुणातच पायाची बोटे व घोटे दर तासाला वर-खाली हलवण्यास सांगावे.

२. एका पायाला सूज येणे, पोटरी दुखणे, तेथील त्वचा गरम किंवा लालसर होणे, ही धोक्याची सूचना समजावी. असा पाय तेल लावून चोळू नये; मालिश करणाऱ्याकडेही नेऊ नये. चोळल्याने गुठळीचा तुकडा सुटण्याची भीती असते.

३. एकाएकी धाप लागणे, दीर्घ श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, घेरी येणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळपर्यंत थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रिया केव्हा व कोणती झाली हे प्रथम सांगावे.

४. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना हिरड्यांतून रक्त येणे, लघवी लाल होणे किंवा शौच काळी होणे असे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

५. रुग्णाला एस.टी.ने किंवा अन्य वाहनाने लांबचा प्रवास करावा लागल्यास मधूनमधून उतरवून चालवावे व पाणी द्यावे.

यांपैकी बहुतेक उपायांना पैसा लागत नाही. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने आपल्या गावात गेल्या तीन महिन्यांत मोठी शस्त्रक्रिया किंवा शस्त्रक्रियेने बाळंतपण झालेल्यांची यादी ठेवावी. आशा स्वयंसेविकेने गृहभेटीत दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. एका पायाची सूज तुलनेनेच चटकन कळते. शिक्षकांनी रक्ताभिसरणाचा पाठ शिकवताना पोटरीच्या स्नायूंचे कार्य सांगितले, तर आजोबांना चालवण्याचे काम घरातील नातवंडे आनंदाने करतील. व्हिरचो यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, हा २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास ग्रामसभेत या विषयावर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचे अर्ध्या तासाचे भाषण ठेवणे कोणत्याही ग्रामपंचायतीला अवघड नाही.

आशियाई लोकांत गुठळीचे प्रमाण किती, हा प्रश्न एके काळी केवळ डॉक्टरांच्या नियतकालिकांतील होता. आता त्याचे उत्तर पुरेसे स्पष्ट झाले आहे : पाश्चात्त्यांपेक्षा कमी, परंतु दुर्लक्ष करण्याइतके कमी नाही. सेवाग्राम, सावंगी आणि वर्धा येथील शल्यचिकित्सकांनी केलेले काम गावाने पुरे करावयाचे आहे. त्यासाठी रुग्णाला खाटेवरून उठवून अंगणात चार पावले चालवणारा माणूस घरात असावा आणि सुजलेला पाय ओळखणारी नजर गावात असावी.